आसातली वाळू

त्याने रहाटाच्या आसाच्या टोकावर बोट फिरवले, नाकाशी नेले आणि डोळे मिटले. ओल्या लाकडाचा वास. शेवाळाचा वास. तेलाचा नाही. दुसऱ्या हाताचे बोट फिरवून पाहिले, तरीही नाही.

"हुशार आहे," तो स्वतःशी म्हणाला. "वास न येणारं तेल वापरतोय."

उजाडत होते. त्याच्या डोक्यावर तो ताडमाड लाकडी रहाट नदीच्या धारेने फिरत होता. धार पात्यांना ढकली, कडेला बांधलेले पोहरे भरून वर जात, माथ्यावर पालथे होत, आणि पाणी दगडी पन्हळीत पडून पाटाने शेतांकडे निघे. ना बैल, ना इंजिन. नदी स्वतःलाच उचलून शेतात नेऊन ओतीत होती. सगळे नेहमीसारखेच होते. फक्त आवाज नव्हता. होता तो इतका क्षीण, की दुसऱ्या कुणाच्या तरी रहाटाचा, दुसऱ्याच कुठल्या तरी नदीवरचा वाटावा.

रहाटाच्या आसाला तेल लावायचे नाही, हा या काठाचा जुना नियम. एक पोहरा मुद्दाम गळका ठेवलेला. त्याचे ठिबकते पाणी हेच आसाचे वंगण. लाकडावर लाकूड फिरे आणि रहाट कण्हे. ते कण्हणे पार शेवटच्या शेतापर्यंत पोचे. ते कानावर पडत असले की ज्याची पाळी तो नदीकडे पाठ करून खुशाल दारे धरी, पाणी वाफ्यावाफ्यात वळवी. ते थांबले की माणसे हातातली फावडी टाकून काठाकडे धावत. आसाला तेल लावणे म्हणजे राखणीच्या कुत्र्यापुढे तुकडा टाकणे. कुत्र्यापुढे तुकडा पडला, की चोर कुंपणापाशी आला असे समजावे.

लोक त्याला रहाट्या म्हणत. त्याच्या बापालाही रहाट्याच म्हणत. बापाने पाचरा ठोकायची मोगरी हातात दिली तेव्हा एवढेच सांगितले होते: "पाचर डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला सैल लागते. रहाट कानानं सांभाळायचा. कान गेला की मोगरी खाली ठेवायची, तोंड उघडायचं नाही." ती लाकडी मोगरी अजून तीच होती. दांडा तळहाताच्या घामाने काळा, गुळगुळीत. फक्त टोकाला बारीक खाचा होत्या. त्या कसल्या, असे त्याने लहानपणी विचारले होते. बाप म्हणाला होता, उंदरांनी कुरतडलंय.

त्याने मोगरी कमरेला खोवली आणि नदीच्या वरच्या अंगाला पाहिले. तिथे पत्र्याची नवी शेड चकाकत होती. शेडमध्ये पंप होता, आणि पंपापाशी त्याचा जावई.

जावई पंपाचा मिस्त्री. काम याच काठावर निघाले म्हणून लेकीला घेऊन सासरवाडीला येऊन राहिला होता. बोलायला गोड, जेवायला बेताचा, नखे कायम काळी. पाणीसमिती पावसाळ्याआधी रहाटाची पाहणी करणार होती. आस धड असेल तर रहाट राहणार. नसेल तर पाटात पंपाचे पाणी येणार. एवढे सगळ्यांना ठाऊक होते. आणि आवाज उतरायला लागला तो नेमका जावई आल्यानंतर. दोन आणि दोन चार करायला कुणाची शिकवणी लावावी लागत नाही.

*

तो घरात शिरला तेव्हा बायको आणि लेक चुलीपाशी बोलत होत्या. ओठ हलत होते, शब्द नव्हते. त्याला पाहताच ओठही थांबले.

"काय चाललंय?"

"काय?" बायकोने विचारले.

हेही नवीनच. हल्ली घरातल्यांना त्याचे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावेसे वाटे. त्याला त्याचा स्वतःचा आवाज डोक्यात घुमण्याइतका स्पष्ट ऐकू येई. पण ही माणसे कानाशी तळवा नेत, कपाळाला आठ्या घालत, आणि आपसात मात्र कुजबुजत. सोंग आणायचे तर निदान एकाने आणावे. सगळे घर एकदम बहिरे होत नसते.

"म्हटलं, काय चाललंय?"

बायको अगदी जवळ आली. तिच्या गळ्याची शीर फुगली होती. "शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे रोज सकाळी भांडणं का होतात म्हणून."

"कुणाची?"

"तुमची-माझी. म्हटलं, भांडण नाही हो बाई, चहा हवा का म्हणून विचारते मी."

ती हसली. लेक हसली नाही. ताटात बघत ती भाकरीचा तुकडा नुसताच मोडत होती. तिच्या शेजारचा पाट रिकामा होता.

"जावईबापू?"

लेकीने ताटाला काहीतरी सांगितले.

"मला सांग की. ताटाला काय सांगतेस?"

"शेडवर झोपतात म्हटलं. काम आहे त्यांना." आणि ताट तसेच टाकून ती मागल्या दारी गेली. बायकोने तिच्या पाठीकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि नजर चुलीत घातली.

चोराच्या मनात चांदणे, त्याने मनात म्हटले. सासऱ्याच्या नजरेला नजर देववत नाही, म्हणून शेडवर झोपतो. आणि लेकीला माहीत आहे. बायकोलाही माहीत असावे. या घरात एकटा तोच होता, ज्याच्यापासून काहीतरी राखून ठेवले जात होते. ताटात त्याच्या वाट्याचे सगळे होते, आणि बोलण्यात काहीच नव्हते.

*

इलाज त्याने आठवड्यापूर्वीच सुरू केला होता. तेल काढायचे तर त्याला शोषणारे काहीतरी घातले पाहिजे. राख घालून पाहिली. ती पाण्याबरोबर वाहून गेली. मग त्याने काठावरची उन्हात तापलेली बारीक वाळू आणली, चाळणीने चाळली, आणि आस ज्या दोन लाकडी उशांवर फिरे, त्यांच्या फटीत चिमटी-चिमटीने सोडली.

रहाट ओरडला.

तो दचकून मागे सरकला आणि मग तिथेच, ओल्या दगडावर, पाय पसरून बसला. कितीतरी दिवसांनी आवाज त्याच्यापर्यंत आला होता. तो जुना, पोटातून येणारा कण्हण्याचा आवाज नव्हता हे त्याला कळत होते. हा टोकदार होता, धार लावताना पात्याचा होतो तसा. पण परगावी गेलेला मुलगा परतला की त्याच्या दाढीबद्दल कुणी तक्रार करत नाही. त्याचे डोळे भरून आले. त्याने इकडेतिकडे पाहून ते पुसले.

दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा उतरला. म्हणजे रात्रीत पुन्हा तेल. त्याने पुन्हा वाळू घातली. या वेळी मूठभर. मग हे रोजचेच झाले.

घरून तो काठावर परतला तेवढ्यात पाटकरी बांधावरून तरातरा चढून आला. शेताशेतांची दारे उघडणे-मिटणे हे त्याचे काम. खांद्यावर फावडे, गुडघ्यापर्यंत चिखल. लहानपणापासूनचा सोबती. आल्या आल्या त्याने दोन्ही कानांत बोटे घातली.

"रहाट्या, कुणाला कापतोयस का काय? लोक कानात कापूस घालून दारं धरतायत."

"आवाज आवडत नाही वाटतं हल्ली कुणाला."

"काय?"

"आवाज. आवडत नाही का?"

"आवाज आवडतो रे बाबा. किंचाळी नाही आवडत. माझी शेळी आटली या किंचाळीनं."

"शेळीला सांग, पाणी चालू आहे."

पाटकरी हसला, पण चेहऱ्याचा खालचा अर्धाच. "समिती परवा येतेय. आस बरा आहे ना?"

"माझ्या बापानं बसवलेला आस आहे."

"म्हणून तर विचारतोय."

मग तो नदीकडे तोंड करून आणखी काही बोलला. बरेच बोलला असावा; मान हलली, हात हलला. रहाट्याने ते पुन्हा सांगायला लावले नाही. दोनदा विचारणारा माणूस हळूहळू मागणारा होतो. त्याने फक्त पाहून ठेवले, की हा माणूस आता तोंड फिरवून बोलतो. यालाही फितवले.

त्याच दुपारी त्याला आसाखालच्या दगडावर तपकिरी भुगा दिसला. जळक्या लाकडाचा वासही आला. त्याने आसाच्या मानेला विळखा घालून पाहिले. बोटे एकमेकांच्या जरा जास्तच जवळ आली. मान झिजली होती. एवढ्यात, इतकी, आपोआप झिजणे शक्य नव्हते.

"कानस मारलीय," तो म्हणाला. त्याला राग येण्याऐवजी जवळजवळ समाधान वाटले. संशय इतके दिवस हवेत तरंगत होता. आता त्याला बसायला जागा मिळाली.

*

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला, शेते ओस पडतात आणि माणसे सावलीला आडवी होतात तेव्हा, तो पन्हळीच्या खांबाआड जाऊन बसला. ऊन पाण्यावर ठेचले जात होते. पोहरे वर जात होते, पालथे होत होते. सगळे एखाद्या काचेपलीकडे घडावे तसे.

कुणीतरी बांधावरून आले. काळा, चोचीचा डबा हातात. तो डबा त्याने ओळखला. जावई पंपाला तेल द्यायचा, तो. डबा शिडीवरून वर चढला. डब्यामागे जो हात होता, त्यात बांगड्या होत्या.

लेक.

ती आसापाशी गुडघ्यांवर बसली. डब्याची चोच फटीला लावली आणि फडक्याने पुसू लागली. लहानपणी ती याच दगडावर बसून पाचरा मोजायची. तिला त्यानेच शिकवले होते, मोगरी कुठे मारायची आणि किती हलकी.

तो शिडी चढला. तिला चाहूल लागली नाही. त्याने डबा हिसकावला, तेव्हा ती इतकी दचकली की तिचा हात आसावर टेकला.

"हे तेल," तो म्हणाला. "तू. माझी लेक."

तिचे ओठ हलले. त्याने डबा तळहातावर उपडा केला. पाणी पडले. स्वच्छ, थंड, नदीचे. त्याने ते हुंगले. चाटून पाहिले.

तिने त्याचा खांदा धरला आणि तोंड त्याच्या कानाशी नेले.

"पाणी आहे, बाबा. वाळू धुतेय मी. आसात कुणीतरी वाळू टाकतंय. रोज धुते, रोज परत असते."

"कुणीतरी?"

तिने वरच्या अंगाला, पत्र्याच्या शेडकडे पाहिले. तिचा चेहरा अचानक तिच्या आईसारखा दिसला, मोठ्या आजारपणातून उठलेल्या आईसारखा.

"कुणीतरी काय, बाबा. रहाट बसला तर कुणाचा पंप चालणार आहे? मी विचारलं त्यांना. आधी म्हणाले, मी नाही. मग हसले. म्हणाले, मला वाळू टाकायची काय गरज, लाकूड आहे, आज ना उद्या जाणारच. मी म्हटलं, मग शेडवरच झोपा. तोंड दाखवू नका." ती थांबली. श्वास घेऊन पुन्हा कानाशी आली. "उद्या समिती आली की सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण जावयाचं नाव कसं घ्यायचं तुमच्यासमोर. मग मी इथेच राहीन. तुमच्यापाशी."

त्याच्या मनात पहिल्यांदा जे आले, त्याची त्याला पुढे फार दिवस शरम वाटत राहिली. त्याला बरे वाटले. ती इथेच राहील.

"वाळूखाली तेल होतं का?" त्याने विचारले. "नीट आठव. तेल?"

"तेल कुठलं? तेल असतं तर असा ओरडला असता का? किती दिवस झाले, डोकं उठलंय सगळ्यांचं. आत्तासुद्धा बघा ना..."

आणि तिने दोन्ही तळवे कानांवर दाबले.

तो तिच्या तळव्यांकडे पाहत राहिला. मग रहाटाकडे. पोहरे वर जात होते. पाणी पडत होते.

"आत्ता?" तो म्हणाला. "आत्ता वाजतोय?"

तिने हात सावकाश खाली घेतले. तिने त्याच्या कानांकडे पाहिले, मग डोळ्यांकडे.

"तू खाली जा," तो म्हणाला. "पाचरा बघतो जरा."

*

ती बांधापर्यंत गेल्यावर त्याने मोगरी कमरेची काढली. काय करायचे ते ठरले नव्हते. पाचरेवर ठोका मारला. तो मनगटाला कळला, कानाला नाही. तेव्हा त्याला बाप दिसला. खूप जुना, उन्हातला बाप. आसापाशी वाकलेला, मोगरीचा माथा खांबाला टेकवलेला आणि दांडा तोंडात धरलेला. हात मोकळे राहावेत म्हणून धरला असेल, असे त्या वयात वाटले होते. पण हात मोकळे नव्हते. दोन्ही हात खांबावर होते.

त्याने मोगरीचा माथा खांबाला टेकवला आणि दांड्याचे टोक दातांत धरले.

दात खाचांत बसले. आपल्याच उंबऱ्यावर अंधारात पाऊल बरोबर पडावे, तसे.

आणि रहाट आला. कानातून नव्हे, जबड्यातून, गालफडांतून, कवटीच्या आतल्या भिंतींवरून. तो जुना, खोल, पोटातला आवाज. प्रत्येक आरा वेगळा, प्रत्येक पोहऱ्याचे पालथे होणे वेगळे. काहीच कुठे गेले नव्हते. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी, दाताखाली खडा यावा तशी करकर. वाळू. त्याची, चाळलेली, चिमटी-चिमटीने घातलेली वाळू त्याच्या बापाचा आस खात होती.

तो किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. उंदीर नव्हते तर. बापाने किती वर्षे असा रहाट ऐकला असेल, तोंड मिटून, दात रोवून, आणि घरी येऊन पोराला सांगितले असेल, की कान गेला की मोगरी खाली ठेवायची.

त्यालाही जमले असते. आता तर कसे ते माहीत झाले होते. वाळू धुवायची, थोडे दिवस सांभाळून घ्यायचे. समितीला सांगायचे, कुणीतरी घात केला. कुणी ते सांगायला लेक होतीच. मोगरी कमरेलाच राहिली असती. आणि लेक घरी.

बांधावर ती शेडकडे पाठ करून बसली होती.

त्याने दांडा तोंडातून काढला, सदऱ्याला पुसला, आणि धारेच्या तोंडाची, पाणी अडवणारी झडप खाली सोडली.

*

रहाट एक हेलकावा खाऊन उभा राहिला. त्याच्यासाठी काहीच बदलले नाही. पण शेतांतून माणसे उठलेली त्याने पाहिली: आधी एक डोके, मग दुसरे, मग फावडी टाकून धावणारे पाय. पाटकरी सगळ्यांच्या पुढे. शेडमधून जावई, हात पुसत. लेक सर्वांत आधी पोचली आणि खांबाशी उभी राहिली. जावई आला तसे तिने तोंड फिरवले.

रहाट्या जावयासमोर जाऊन उभा राहिला. कुणी काही विचारीत असेल तर विचारो. त्याने थांबून पाहिले नाही. जमेल तेवढ्या मोठ्याने तो बोलला, आणि डोक्यात फुटलेल्या त्या आवाजाने स्वतःच कळवळला.

"जावईबापू, वाळू मी टाकली. मला रहाट ऐकू येत नाही. वाटलं, तुम्ही तेल लावलंत."

जावई गोंधळून पाहत राहिला. मग त्याने स्वतःच्या बायकोकडे पाहिले. तिने दोन्ही हातांनी खांब धरला होता.

"मामा..." जावयाचे ओठ म्हणाले. पुढचे त्याला वाचता आले नाही.

पाटकरी कानाशी आला. त्या दिवशी नदीकडे तोंड करून तो जे बोलला होता, तेच बहुधा आता पुन्हा बोलला. "मला कळलं होतं रे. तुला कसं सांगायचं, ते कळत नव्हतं." मग, जरा थांबून: "उद्या समितीला काय सांगू?"

"आस गेला म्हणून सांग. कुणी घालवला, तेही सांग."

त्याने मोगरी दगडावर ठेवली आणि बादली उचलली. उभा रहाट उन्हात सोडायचा नसतो. वरचे लाकूड वाळून हलके होते, खालचे भिजून जड. पुन्हा सोडला की हिसका बसतो आणि आरे मोडतात. उभा आहे तोवर माथ्यावर पाणी मारीत राहायचे. उद्या त्याचे काय व्हायचे असेल ते होवो; आज तो सरळ उभा राहिला पाहिजे.

तो शिडीवर चढला आणि आऱ्यांवर पाणी ओतू लागला. रिकामी बादली खाली गेली ती भरून वर आली. खाली जावई पाण्यात उतरला होता. तो भरून देई, ती बादली लेक घेई आणि वर देई. दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते. पण बादली एका हातातून दुसऱ्या हातात जायला दोन हात एकाच कडीवर यावेच लागतात.

उन्हे उतरल्यावर लेक वर आली. तिच्या हातात मोगरी होती. अंगठा दांड्याच्या टोकावर फिरत होता.

"हे काय, बाबा?" ती कानाशी म्हणाली. "कुणी कुरतडलाय हा?"

"उंदरांनी," तो म्हणाला. "जुनं आहे."

तिने मान डोलवली. मग वाकून पहिल्या पाचरेवर हलका ठोका मारला आणि कान दिला. दुसरीवर मारला. तिसरीवर. तो बादली रिती करीत राहिला. पाचरांकडे त्याने पाहिले नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. एका ठिकाणी तिच्या भुवया जराशा जवळ आल्या, आणि कुठली पाचर सैल आहे ते त्याला कळले.